चकाकणाऱ्या पिना

आमच्या तुकडीत पुलाचे दोन संच होते. एक वापरायचा, एक दाखवायचा. हे वाचून कुणाला हसू येईल तर खुशाल हसा, मीही आता हसतोच. पण तेव्हा हसत नव्हतो. दाखवायच्या संचाला रंग मारायचं काम माझंच होतं.

मी एरवी विरारच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. वर्षातून दोनेक महिने राखीव फौजेच्या इंजिनिअर तुकडीत गणवेश घालून जायचो. पूर आला, रस्ता तुटला, की आम्ही जायचं आणि तात्पुरता पूल उभा करायचा, हे आमचं काम. पूल म्हणजे लोखंडी चौकटी. एकीला एक लावायची, भोकं जुळवायची आणि त्यांतून हाताएवढ्या जाड पिना ठोकायच्या. पिना बसल्या की पूल, नाही बसल्या तर भंगार.

वापरायचा संच तेलकट, काळाकुट्ट, दिसायला भिकार. सरावाला तोच. दाखवायचा संच मात्र नवरीसारखा नटवलेला. मोठे साहेब तपासणीला यायचे, त्याआधी मी चौकटींना हिरवा आणि पिनांना चंदेरी रंग द्यायचो. दर वर्षी जुन्या थरावर नवा थर. खरवडायला वेळ कुणाला होता? पिना तर पिना, मी भोकंसुद्धा आतून रंगवायचो. एका साहेबांनी पाठीवर थाप मारून म्हटलं, "स्टोअर असावं तर असं!" मी आठवडाभर छाती फुगवून फिरत होतो. गाढव!

त्या पावसाळ्यात आमचा सराव चालू असतानाच वसईत पाणी भरलं. सांडोरच्या अलीकडे एका वाडीकडे जाणारी मोरी वाहून गेली, रस्त्याला वीस-पंचवीस फुटांचं खिंडार पडलं. त्या वाडीत माझी मावशी राहते. तिची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एक वेळ आधीच चुकली होती. मावसभाऊ फोनवर म्हणाला, "पाय खांबासारखे सुजलेत, धाप लागत्येय. आज नाय नेली तर संपलं." मी म्हणालो, "घाबरू नकोस, आम्हीच येतोय. तासाभरात पूल टाकतो."

आमच्या होड्या नालासोपाऱ्याकडे गेल्या होत्या. राहिला पूल. ट्रक लागला, मी तेलकट संचाकडे वळलो, तर आमच्या तुकडीचे साहेब ओरडले, "तो नको, नवा काढ. पेपरवाले येणार आहेत."

त्या पिना घट्ट जातात, हे मला ठाऊक होतं. रंगाचे थर मीच चढवले होते. ते ओठांपर्यंत आलं आणि मी म्हणालो, "जी साब."

पुढचं काय सांगू! पहिली पिन अर्धी गेली आणि अडकली. दुसरी तोंडच घालेना. घणाने ठोकली तर भोकाची कड वाकली. मग आमचे शूर इंजिनिअर रस्त्यावर मांड्या घालून बसले आणि रॉकेलच्या बोळ्यांनी पिना पुसायला लागले. कुणी पान्याने खरवडतोय, कुणी दगडाने घासतोय. पलीकडे वाडीतली माणसं छत्र्या घेऊन बघत उभी. मावशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेली. एवढ्या लांबूनही तिची छाती खालीवर होताना दिसत होती.

तासाचे दोन तास झाले. मग पलीकडची माणसं बघायची थांबली. बागेत गेली, कोयत्याने केळी आडव्या केल्या, बुंधे शेजारी शेजारी ठेवून त्यांतून बांबू ठोकले, सुंभाने आवळलं. तराफा झाला. वर खुर्ची, खुर्चीत मावशी, आणि चौघे छातीभर पाण्यात उतरून तो ढकलत आमच्याकडे आले. ना नकाशा, ना शिट्टी, ना "जी साब". तिला अँब्युलन्समध्ये चढवताना मी हात पुढे केला. माझ्या हाताला चंदेरी रंग. तिने तो पाहिला.

ती वाचली. तेवढं वाडीच्या केळींनी केलं.

आमचा पूल दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहिला, तोवर पाणी गुडघ्यावर आलं होतं. वरातीमागून घोडं! साहेबांना मात्र आनंद मावेना. खरवडलेल्या पिना फोटोत कशा दिसतील म्हणून त्यांनी मला पुन्हा डबा आणि ब्रश दिला. आणि मी? मी पुन्हा रंगवल्या. वाकलेल्या कडेवर जरा जास्तच.

तेवढ्यात डायलिसिस होऊन, मुलीकडे रात्र काढून मावशी परत आली. साहेबांना सोन्याची संधी. "माताजींना पुलावरून चालू द्या, फोटो घ्या!" पेपरवाला सरसावला. मी पुलाच्या तोंडाशी उभा, अंगात गणवेश, हातात ब्रश. मावशीने पुलाकडे पाहिलं, पिनांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नको रं बाबा," ती म्हणाली, "रंग वला आसंल. माझं लुगडं खराब व्हईल."

आणि लुगडं गुडघ्याच्या वर खोचून, मावसभावाचा हात धरून, ती पुलाच्या शेजारून पाण्यातून चालत घरी गेली.