खिशातले हात

नंदाताई गेल्याचा फोन आला आणि अर्ध्या तासात मी त्यांच्याच क्लिनिकच्या मशीनवर निरोप ठेवला, "नंदाताई, गुरुवारी जमणार नाही, एका फ्युनरलला जायचंय." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कुणाच्या ते… न कळवता अपॉइंटमेंट बुडवलेली त्यांना खपत नसे. तो धाक त्यांच्यानंतरही चालू राहिला, एवढंच.

अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात एका ड्रायक्लीनरच्या शेजारी त्यांचं दोन खोल्यांचं फिजिओथेरपी क्लिनिक होतं. मूळच्या नागपूरच्या, इथल्या हॉस्पिटलची नोकरी सोडून त्यांनी ते एकटीने थाटलं होतं. आमच्यासारख्या कॉम्प्युटरसमोर वाकलेल्यांच्या माना-कमरांवर ते चालायचं, पण त्यांचा खरा जीव खांद्यांत. मंडळाच्या गणपतीतसुद्धा त्या माणसाचे खांदे आधी बघत, चेहरा नंतर. पेशंटला "कुठे दुखतं?" विचारण्याआधी विचारत, "काय करता येत नाहीये?"

माझी बायको माधवी म्हणाली, "स्वतःची वेणी."

तिचा खांदा आखडला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. वेणी मी घालायचो आणि तशा वेणीने ती ऑफिसला जायची, यावरून तिची अवस्था ओळखा. मला मात्र आपण आदर्श नवरा झाल्यासारखं वाटत होतं. नंदाताईंनी ती वेणी हातात धरून पाहिली.

"अहो इंजिनिअर, हे तुमचं डिझाइन? बंद करा. तुम्ही हेल्प करत राहिलात तर हिचा हात असाच राहील. उद्यापासून हात खिशात घालून उभं राहायचं."

तो सगळा हिवाळा मी तसाच उभा राहिलो. माधवी रडायची, चिडायची, कंगवा फेकायची. मी नुसता बघूनच दमायचो. बर्फ वितळता वितळता एकदाची वेणी जमली.

पुढे काही वर्षांनी नंदाताईंचंच हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी भेटायला गेलो तेव्हा त्या आरशासमोर खुर्चीत बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. "मला हात वर करायला बंदी आहे गं माधवी. जरा केस विंचरून दे."

माधवी विंचरू लागली. आरशात त्या स्वतःकडे बघतच नव्हत्या. "हात अजून वर घे… हं, आता ठीक." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "क्लिनिक उघडलं की पहिला गुरुवार तुमच्या कमरेचा."

तो गुरुवार यायच्या आतच त्या गेल्या.

फ्युनरलहून परतताना गाडीत माधवी म्हणाली, "अरे, त्यांच्या केसांत गुंता नव्हताच. सकाळीच कुणीतरी तेल लावून नीट विंचरून दिले होते."