कड्यावरचा ओला कातळ

गडाच्या कड्यावर माझा मित्र सुहास फोटो काढायला अगदी टोकाला गेला. मोळी घेऊन चाललेली एक म्हातारी ओरडली, "दादा, मागं या, कातळ निसरडा हाय!"

"मावशी, तुम्ही तुमचं काम बघा," तो हसत म्हणाला आणि घसरलाच.

म्हातारीने मोळी टाकून त्याच्या सॅकचा पट्टा धरला. मी धावलो. दोघांनी मिळून त्याला वर ओढलं. तिचं कोपर सोलून निघालं होतं. सुहासने पहिल्यांदा विचारलं, "माझा मोबाईल?"

लोक डोंगराला क्रूर म्हणतात. डोंगर जागचा हललाही नव्हता. मला सुहासचा तिटकारा आला. तिच्या कोपरावर पाणी ओतताना मी रागाने त्याच्याकडे बघत होतो.

"त्यांना बोलू नका," ती म्हणाली, "घाबरल्यात ते."

मी बोललोच.