दुसरीच्या हातचे केस

माझ्या नणंदेचा एक नियम आहे आणि त्या नियमापायी त्यांनी आजवर किती गिऱ्हाइकं घालवली असतील, देव जाणे. दुसरीनं कापलेल्या केसांची दुरुस्ती त्या करत नाहीत. एखादी बाई कुठूनतरी केस बिघडवून घेऊन येते, अगदी रडकुंडीला आलेली असते. "ताई, एवढी एक बाजू सारखी करून द्या हो," म्हणते. वन्सं तिला पाणी देतात, खुर्चीत बसवतात, तिच्या केसांतून बोटं फिरवतात आणि सांगतात, "जिनं कापले तिच्याकडे जा. चुकलं असेल तर सुधारायचा पहिला हक्क तिचा." बाई पाय आपटत जाते. आतून मी ऐकत असते. दुकान आहे की न्यायालय, असं माझ्या अगदी जिभेवर येतं.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला एक बाक. कापलेले केस किती झाडले तरी पार माझ्या पिठाच्या डब्यापर्यंत पोचतात. त्या खोलीत बायका जे बोलतात ते त्या आपल्या आईशीही बोलत नसतील. वन्सं काही विचारत नाहीत. त्या मागे उभ्या असतात, समोर आरसा असतो, डोकं दुसऱ्याच्या हातात असतं आणि बाई आपसूक बोलायला लागते. वन्सं स्वतः मात्र कुणाच्या हातात डोकं देत नाहीत. पुढे एक आरसा, मागे एक आरसा, दातांत जीभ धरून त्या आपले केस आपणच कापतात. आम्ही हसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते ह्यांच्याकडे बघूनच सुचलं असावं.

त्यांच्या गिऱ्हाइकांत एक नर्स होती. ती परदेशातल्या एका आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहून आली होती. केस धुवून घेता घेता ती सांगत होती, की तिथे एचआयव्ही आणि एड्सबद्दल लोकांना समजावायचं काम चालतं, डॉक्टर आहेत, औषधं आहेत, तक्ते आहेत, पण बायका तोंड उघडत नाहीत. वन्सं तिच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणाल्या, "मी जाऊ का?"

घरात भडका उडाला. ह्या वयात, परक्या मुलखात, तेही असल्या आजाराच्या कामाला! आमच्या ह्यांनी बहिणीला समजावलं, रागावून पाहिलं आणि शेवटी तोडगा काढला तो असा, की सोबत मी जायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी सामानात माझा वेगळा पेला, वेगळी ताटली आणि वेगळा टॉवेल भरला. वन्संनी ते पाहिलं आणि निमूट आपली कात्री भरली, त्यामुळे मला जास्तच राग आला.

आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लांब ओसरी. एका खोलीत तपासणी, दुसरीत औषधांची कपाटं. ओसरीवर बाकं मांडलेली. तिथली मुख्य नर्स उंच, शांत बाई होती. ती आमच्याकडे शिकायला होती, त्यामुळे आमची भाषा तिला येत होती, म्हणून आमच्या आणि बायकांच्या मधली दुभाषी तीच. रोज सकाळी ती तक्ता लावून सांगायची, आजार कशानं होतो, कशानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही, हात धरल्यानं होत नाही, गोळ्या नियमानं घेतल्या तर माणूस काम करतो, म्हातारा होतो. बायका माना डोलवायच्या आणि घरी जाऊन आजारी माणसाचं ताट वेगळं ठेवायच्या. पालथ्या घड्यावर पाणी. आणि माझा वेगळा पेलाही खोलीच्या खिडकीत रोज वाळत होताच.

वन्संनी ओसरीच्या टोकाला एक खुर्ची मागून घेतली आणि केस कापायला सुरुवात केली. फुकट केस कापून मिळतात म्हटल्यावर रांग लागली. भाषा येत नसली तरी बायका बोलायला लागल्या. काय बोलतात ते वन्संना कळायचं नाही, पण त्या "हं, हं" करत राहायच्या आणि मग नर्सला हाक मारायच्या, "बाई, हिला काहीतरी विचारायचंय. हिचा खांदा बघा कसा आखडलाय." नर्स यायची, खुर्चीजवळ वाकायची आणि खरंच काहीतरी निघायचं. मी केर काढायची. परदेशात येऊन माझ्या नशिबी पुन्हा केसच!

एके दिवशी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीची झुलपं डोळ्यांवर आली होती. बघायचं झालं तर ती मान वर करून नाकाच्या शेंड्यावरून बघायची. मी आपली तिला हसत होते. वन्संनी तिला खुर्चीत बसवलं, केस विंचरले आणि त्यांचा हात थांबला. मानेजवळचे, कानामागचे केस त्यांनी उचलून पाहिले. वाढलेल्या केसांतूनही त्यांना आधीचं काम दिसत होतं.

"हे कुणी कापले होते? फार चांगला हात आहे."

नर्सनं विचारलं. बाईनं खाली बघत सांगितलं, "माझ्या बहिणीनं. तिचं दुकान होतं."

"मग तिच्याकडेच ने की हिला."

मी कपाळावर हात मारला. समुद्र ओलांडून आलो तरी जित्याची खोड काही जाईना. "अहो वन्सं, दोन झुलपं तर कापायची आहेत!"

वन्संनी कात्री खाली ठेवली होती. ती बाई इकडेतिकडे बघत नर्सशी हळू आवाजात बोलली. नर्सनं आम्हाला सांगितलं, "ती म्हणतेय, बहिणीला तो आजार आहे. लोकांना कळलं तेव्हापासून दुकानात कुणी जात नाही. हीसुद्धा मुलीला तिकडे पाठवत नाही."

"तिचं घर कुठे आहे?" वन्संनी विचारलं. नर्स म्हणाली, "मी आधी त्या बहिणीला विचारते. ती हो म्हणाली तरच नेईन."

ती हो म्हणाली. दुकान एका अरुंद रस्त्यावर होतं, दाराला आतून पडदा. ती केस कापणारी बहीण वन्संपेक्षा बरीच तरुण होती, अंगानं चांगली धडधाकट, नियमानं गोळ्या घेणारी. दुकानाच्या खुर्चीवर बटणांच्या पिशव्या रचल्या होत्या. कुठल्याशा कारखान्याच्या कपड्यांना ती बटणं लावून द्यायची. वन्संनी आजाराचं नावही काढलं नाही. त्यांनी बोटांनी कात्रीची खूण केली. तिनं खणातून कापडात गुंडाळलेली कात्री काढली. वन्संनी ती कानाशी धरून उघडली, मिटली, पुन्हा उघडली. कात्रीला तेल दिलेलं होतं. बंद दुकानातली बाई रोज कात्रीला तेल देत होती.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या नर्सला म्हणाल्या, "हिला सांगा, उद्या केंद्रावर ये. तुझी भाची झुलपांनी आंधळी झालीये."

ती हसली नाही. "माझ्या खुर्चीत कोण बसणार?" तिनं विचारलं. "बसायचं असतं तर लोक इथेच बसले असते. आणि उद्याही कुणी बसलं नाही, तर मी पुन्हा कात्री हातात धरणार नाही. आत्ता निदान आशा तरी आहे."

"मी बसते," वन्सं म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात माझी चूक झाली. ज्या बाईनं घरातल्या कुणाला कधी केसांची बट धरू दिली नाही, ती म्हणत होती, मी बसते. परत येताना मी रस्ताभर भांडले. मुलांच्या शपथा घातल्या. वन्सं चालत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ओसरी भरलेली होती. ती आली आणि बायकांची कुजबुज बंद पडली. तिची बहीण मुलीला मांडीवर घेऊन सगळ्यांत लांबच्या बाकावर बसली होती. वन्संनी खुर्ची टोकावरून उचलून मधोमध आणली, अंगाभोवती स्वतःच कापड बांधलं आणि बसल्या. पाठ ताठ, डोळे समोर. तिनं कात्री घेतली. सुरुवातीला हात अवघडला होता, मग सुटला. बट उचलायची, कापायची, सोडायची. सुंदर हात होता तिचा. मीही केर काढायचं विसरून बघत राहिले.

आणि एका क्षणी, सगळ्यांची नजर अंगावर असल्यामुळे असेल, कात्री तिच्याच बोटाला लागली. रक्ताचा थेंब वन्संच्या खांद्यावरच्या पांढऱ्या कापडावर पडला.

मागचं बाक सरकल्याचा आवाज झाला. दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या. त्या बाईनं कात्री टाकली आणि हात छातीशी धरून ती भिंतीपर्यंत मागे गेली. "नाही, नाही, नाही," एवढंच ती म्हणत होती. मी ओरडले, "वन्सं, उठा!"

वन्सं उठल्या नाहीत. कापडाखाली त्यांच्या मुठी वळलेल्या मला दिसत होत्या. त्यांनी नर्सला विचारलं, "बाई, आता काय करायचं असतं? मोठ्यानं सांगा. सगळ्यांना सांगा."

नर्स पुढे आली. तिनं हातमोजे घातले. एकेक गोष्ट करत, रोजच्याच शांत आवाजात ती सांगत गेली. बोट साबणानं वाहत्या पाण्याखाली धुवायचं. जखम कोरडी करून चिकटपट्टी लावायची. रक्त लागलेली कात्री बाजूला, ती जंतुनाशकात जाणार. डागाचं कापड काढायचं. मग तिनं वन्संची मान, कान, खांदे नीट पाहिले. "कुठे कापलेलं नाही, ओरखडासुद्धा नाही. कापडावर पडलेल्या रक्तानं हिला काही होत नाही." रोज तक्त्यासमोर माना डोलवणाऱ्या बायका आज मान हलवायचं विसरल्या होत्या. त्या ऐकत होत्या.

वन्संनी नवं कापड मागून घेतलं. आपली स्वतःची कात्री, जिला घरात कुणी हात लावला तर रणकंदन होतं ती कात्री, त्यांनी मुठीकडून तिच्यापुढे धरली.

"ये," त्या आपल्या भाषेतच म्हणाल्या. "अर्धं डोकं राहिलंय. मी दुसरीचं काम पुरं करत नसते."

नर्सनं ते तिच्या भाषेत सांगितलं. ती भिंतीशीच उभी होती. मग ती आली. तिनं कात्री घेतली आणि रडत रडत उरलेलं अर्धं डोकं कापलं. ओसरीवर कात्रीशिवाय कशाचा आवाज नव्हता. मी आयुष्यात देवळं पाहिली, मोठमोठी माणसं लांबून पाहिली, पण माझे हात आपसूक जोडले गेले ते त्या प्लास्टिकच्या खुर्चीपुढे. ह्या बाईबरोबर मी एका घरात राहते, केसांच्या गुंतवळीवरून भांडते, आणि ही एवढी मोठी आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

केस कापून झाले. वन्सं उठल्या, कापड झटकलं. खुर्ची रिकामी झाली आणि रिकामीच राहिली. ती बाई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. तिनं चिकटपट्टीच्या बोटानं खुर्चीवरचे केस झाडले, एकदा, पुन्हा एकदा. झाडायला काही उरलं नव्हतं, तरी झाडले.

मग लांबच्या बाकावरून तिची बहीण उठली. मुलीचा हात धरून ती बायकांमधून चालत आली. तिनं मुलीला उचलून खुर्चीत बसवलं, स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि काहीतरी बोलली. नर्सनं आम्हाला सांगितलं, "ती म्हणतेय, ताई, हिला काही दिसत नाही गं."

झुलपं कापली गेली. मुलीनं डोळे मिचकावले, मान खाली केली, वर केली, आणि सरळ समोर बघत तिनं मावशीला विचारलं, इतके दिवस तू कुठे होतीस. ह्यावर ती मावशी जी रडली, तिच्याबरोबर सगळी ओसरी रडली. मी तर सगळ्यांत मोठ्यानं. मुलीनंतर एक म्हातारी खुर्चीत येऊन बसली, बसता बसता गुडघ्यांना शिव्या देत.

त्या रात्री वन्सं अंथरुणावर बसून बोटांनी आपले केस चाचपत होत्या. "घाबरले होते गं वहिनी," त्या म्हणाल्या. "पण मी उठले असते ना, तर ती खुर्ची कायमची गेली असती." मी उठले, माझा पेला खिडकीतून उचलला आणि सगळ्यांच्या पेल्यांत नेऊन ठेवला.

आता आम्ही घरी आहोत. वन्संचे केस उजवीकडे चांगलेच आखूड झालेत, कारण उरलेलं अर्धं डोकं तिनं डोळ्यांत पाणी घेऊन कापलं होतं. गिऱ्हाइकं आरशात बघून विचारतात, "ताई, तुम्ही केस कापणाऱ्या आणि तुमचेच असे?" मीही म्हणाले, आणा ते दोन आरसे, मी धरते, एवढी एक बाजू सारखी करून घ्या.

"मी कशी करणार?" वन्सं म्हणाल्या. "जिनं कापले तिचा हक्क. पुढच्या वर्षी तिच्याच दुकानात जाऊन बसेन म्हणते." आणि मग माझ्याकडे न बघता, कंगवा पुसत म्हणाल्या, "तू येशील ना?"