चाळीस मायक्रॉन

मी भित्री आहे. पालीला भिते, शेठला भिते, आणि सगळ्यात जास्त भिते ती "हे कोणी केलं?" या प्रश्नाला. शाळेत बाईंनी हा प्रश्न विचारला की मी काही केलेलं नसलं तरी माझे कान तापायचे. या वेळी तर मीच केलं होतं.

अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा लहानसा कारखाना आहे. तिथे मी सीएनसी मिलिंग मशीनचे प्रोग्राम लिहिते. म्हणजे कटरने कुठून कुठे जायचं, कसं वळायचं, ते आकड्यांत मांडते. मशीन चालवतात ते काका, जांभूळ गावचे. घरची भातशेती सांभाळून इतकी वर्षं नोकरी केलेला माणूस. मापाची सुई ते बिनचष्म्याने वाचायचे आणि त्यांनी वाचलेलं कुणी पुन्हा तपासायचं नाही, अशी आमच्याकडची रीतच होती.

नोकरी लागून दोन आठवडे झाले नाहीत तोच माझ्या लक्षात आलं, की त्या मशीनवर कापलेला गोल नीट गोल येत नाही. गिअरबॉक्सच्या झाकणात बेअरिंग बसायचं भोक असतं. चाचणीच्या झाकणात मी ते पुढे-मागे मोजलं की बरोबर, डावी-उजवीकडे मोजलं की चाळीस मायक्रॉन कमी. केसाच्या निम्म्या जाडीएवढा फरक, पण बेअरिंगला तेवढाही चालत नाही. मी आधी स्वतःचाच प्रोग्राम धुंडाळला. केंद्राचे आकडे, त्रिज्या, दशांश चिन्हं, कटरचा व्यास, सगळं जागेवर होतं. ढिला होता तो मशीनचा, झाकण धरलेलं टेबल सरकवणारा स्क्रू. उजवीकडून डावीकडे वळताना तो आधी चाळीस मायक्रॉन नुसताच फिरायचा आणि मग टेबल हलायचं.

शहाण्या माणसाने जाऊन सांगितलं असतं. पण शेठनी ते जुनं मशीन नुकतंच विकत घेऊन, नारळ फोडून, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. त्यांना "तुमच्या मशीनमध्ये खोट आहे" असं सांगायचं, आणि तेही दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या मुलीने! माझी जीभच उचलेना. मग मी गोल मधोमध तोडला आणि परतीच्या अर्ध्या भागात चाळीस मायक्रॉन जास्तीचे घातले. प्रोग्राममध्ये वाकडं लिहिलं, झाकणात सरळ उतरलं. कुठे नोंद केली नाही, कुणाला सांगितलं नाही.

वर्ष छान गेलं. "मॅडम का गोल मतलब गोल," शेठ पाहुण्यांना सांगायचे आणि मी फुगायचे. माझे गोल कधी चुकत नसत, म्हणून काकांचं मोजणं हळूहळू एकाच बाजूने व्हायला लागलं, पुढे-मागे. दोन्हीकडून मोजतोय असंच त्यांना वाटायचं. हात सवयीने चालतात. मला ते दिसत होतं, पण मी बोलले नाही.

आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. अशाच एका शुक्रवारी मशीन आवाज करतंय म्हणून शेठनी मेकॅनिक बोलावला आणि तो ढिला स्क्रू बदलून घेतला. मला कळवायचं त्यांना काहीच कारण नव्हतं. शनिवारी मी दुपारच्या पाळीला पोचले, तेव्हा शेठ टेबलाशी उभे होते आणि समोर सकाळची अकरा झाकणं मांडलेली होती.

"चाचा, ये गोल है? अंडा है अंडा!" शेठ ओरडत होते. "डावी-उजवीकडे चाळीस जादा! तुमको दिखा नहीं?"

"दोन्हीकडून बघितला मी, शेठ," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतः गेज घेऊन मोजलं. सुई चाळीस पुढे गेली. ते बघतच राहिले. "मंग मना दिसला कसा नाय?"

चाळीस हा आकडा माझ्या ओळखीचा होता. कुणीतरी स्क्रू बदललाय, हे मला कुणी न सांगताच कळलं. मशीन सरळ झालं होतं आणि माझा प्रोग्राम अजून वाकडाच चालत होता. तोंड उघडायचं तर हीच वेळ होती. मी पाणी प्यायला गेले.

शेठनी काकांना बाजूला बसवलं आणि शेजारच्या मशीनवरचा ऑपरेटर बोलावला. तो येईपर्यंत मी मशीनशी एकटीच होते. मी प्रोग्राम उघडला. दोन अर्धे भाग काढून टाकले, साधा सरळ गोल लिहिला, सेव्ह केलं. मला वाटलं, आता झाकण बरोबर येईल आणि हे सगळं मिटेल. खरंच एवढंच वाटलं. नवा ऑपरेटर आला, त्याने बटण दाबलं, आणि झाकण दोन्हीकडून अगदी बरोबर आलं.

"देखा?" शेठ म्हणाले. "मशीन वही, प्रोग्राम वही. आदमी बदला, गोल आ गया."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून काकांनी मशीन सोडून पॅकिंगला बसायचं, असं ठरलं.

तो आठवडा मला अजून आठवतो. डबा तसाच परत यायचा. शेठनी हाक मारली की वाटायचं, कळलं यांना. मशीनच्या कंट्रोलमध्ये प्रोग्राम बदलल्याची वेळ राहत असेल का, कुणी ती काढून बघेल का, याच विचारात मी बेलवलीच्या घरी छताकडे बघत पडायचे. मी घाबरले होते ती स्वतःसाठी, काकांसाठी नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

शुक्रवारी स्कूटी काढली आणि जांभूळला गेले. काका ओट्यावर बसले होते. भिंतीवर कॅलेंडर होतं. ते एक डोळा हाताने झाकून त्यावरच्या तारखा वाचत होते, मग दुसरा झाकून. शेजारी डॉक्टरांनी दिलेली थेंबांची बाटली होती.

"माझं डोलंच गेलं, पोरी," ते म्हणाले. "डाक्टर म्हनतो तसा काय नाय. पन त्याला काय ठावं? अकरा झाकनं गेली माझ्या हातून."

मी तिथेच सगळं सांगितलं, रडत रडत, उलटसुलट. त्यांनी मला दोनदा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग एवढंच म्हणाले, "उद्या शेठला सांग. मी येतो संगती."

शनिवारी मी सांगितलं. शेठनी हिंदीत, सिंधीत आणि मराठीत जे काय सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकलं. प्रोग्रामचा पासवर्ड माझ्याकडून काढून घेतला. मला कामावर ठेवलं, आणि काकांना त्याच दुपारी मशीनवर परत उभं केलं. शेठनी सगळ्यांसमोर त्यांची माफीही मागितली.

पहिलं झाकण निघालं. काकांनी गेज आत घातलं, पुढे-मागे फिरवलं, मग डावी-उजवीकडे. सुई शून्यावर होती, मला चार हातांवरून दिसत होती. काका वाकून बघत राहिले. त्यांनी चष्मा विकत घेतला होता, तो चढवला, पुन्हा बघितलं. मग गेज तसंच धरून त्यांनी मला हाक मारली.

"पोरी, किती दाखवतंय गं? मना सांग."

"शून्य आहे, काका."

"नीट बघ."

आज सहा महिने झाले. प्रत्येक झाकणाला ते अजून असंच विचारतात.