शेवंतीबाईंनी न केलेली सही

परळच्या शेवंती परब सव्वीस वर्षं मनमोहन धैर्यवानांच्या नाटक कंपनीत कपडेपट सांभाळत होत्या. प्रयोग सुरू असला की विंगेत सुईदोरा घेऊन उभ्या. नवरा वारला तेव्हा गिरगावातला हा एवढा मोठा नट चाळीचे चार जिने चढून त्यांच्या दारात आला होता.

गणपतीनंतरच्या सोमवारी कोणीतरी नाव न देता इन्स्टाग्रामवर लिहिलं : धैर्यवान दौऱ्यावर मुलींना लॉजच्या खोलीत बोलावतात, नाही म्हटलं की भूमिका जाते. दोन दिवसांत दादरचे प्रयोग रद्द झाले. चाळीतल्या बायका गॅलरीत अडवून विचारू लागल्या, "तू तर रोज थयच होतंस. खरा काय गो?"

"माका नाय ठाऊक," शेवंतीबाई म्हणायच्या. कोणाला ते पटायचं नाही.

लेक अक्षदा चिडली. "आई, एवढे लोक उगाच बोलतील?"

"एवढे लोक थय होते खय?"

"म्हणजे खोटं आहे?"

"तसाही नाय म्हणत मी."

कारण त्यांना मेघना आठवत होती. सहा वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या दौऱ्यातून ही पोर सकाळीच घरी निघाली. डोळे सुजलेले. आईला बरं नाही म्हणाली. आदल्या प्रयोगात ती वाक्यं विसरली होती आणि धैर्यवानांनी सगळ्यांसमोर तिला झापलं होतं, त्याचंच रडू असेल, असं धरून शेवंतीबाईंनी तिची बॅग भरून दिली. विचारलं काहीच नाही.

गुरुवारी कंपनीचा मॅनेजर विक्रांत छापील पत्र घेऊन आला. 'असा प्रकार कधीही घडलेला नाही, याचे आम्ही साक्षीदार आहोत.' खाली बाकी सगळ्यांच्या सह्या होत्या.

"मी विंगेपर्यंतची साक्षीदार, विक्रांत. लॉजमधली नाही. 'मी पाहिलं नाही' असं लिही, लगेच सही करते."

"तेवढ्याने काय होणार, मावशी? दादा संपतील!"

त्यांनी सही केली नाही. संध्याकाळी धैर्यवानांचाच फोन आला. "शेवंतीबाई, तुम्हीसुद्धा?"

त्यांनी धीर केला. "दादा, ती मेघना मध्येच का गेली होती?"

"किती मुली आल्या, किती गेल्या. कशा आठवणार?" फोन बंद झाला. हा आवाज त्यांनी शेकडो प्रयोगांत विंगेतून ऐकला होता, तरी तो खरा की खोटा हे त्यांना कळेना.

मग मेघनाचा पत्ता काढून त्या शीवला गेल्या. ती एका शाळेत शिकवत होती. फाटकाशी उभ्या उभ्याच तिने ऐकून घेतलं.

"बाई, तेव्हा विचारलं असतंत तर सांगितलं असतं. आता कशाला हवंय? तुम्हाला झोप लागावी म्हणून?"

एवढं बोलून ती आत निघून गेली.

डिसेंबरात ती पोस्ट गायब झाली. पोलिसांत तक्रार झाली नाही, चौकशीही नाही. धैर्यवान पुन्हा रंगमंचावर आले नाहीत. मार्चमध्ये हार्ट अटॅकने गेले. शेवंतीबाई स्मशानात मागे उभ्या राहिल्या; विक्रांतने पाहिलं आणि पाठ फिरवली. घरी अक्षदाने विचारलं, "गेलीसच कशाला?"

आता त्या लालबागला एका टेलरकडे काजं-बटणं करतात. कपडे टाकायला आलेल्या बायका कधीतरी विचारतात, "माणूस कसा होता हो?"

"माझ्याशी चांगला वागला," त्या म्हणतात. मग खाली बघून टाके घालत राहतात.