खंडेनवमीचा जादा हार

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात कलेक्टर कचेरीसमोर टाइपरायटर घेऊन बसायचो. हुपरीची एक बाई दर महिन्याला एस.टी.नं माझ्याकडं यायची. तिचा नवरा चांदीचा कारागीर, पैंजणांवर हात बसलेला. आखातातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात कामाला गेला. 'मालकानं पासपोर्ट काढून घेतलाय, बाहेर सोडत न्हाईत, एकाला लई मारलंय,' असं शेवटचं पत्र आलं. मग काहीच नाही.

"दादा, कडक लिवा की," ती म्हणायची.

मी कडक लिहायचो. आपल्या सरकारने तिथल्या सरकारला जाब विचारावा, माणूस शोधून द्यावा. दिल्लीला, मुंबईला, खासदाराला. कागदी घोडे नाचवण्यात मी पटाईत. उत्तर ठरलेलं: अर्ज पुढे पाठवण्यात आला आहे. पुढे म्हणजे कुठे, हे एकालाही सांगता येत नव्हतं. माझं डोकं फिरायचं. ती मात्र शांतपणे म्हणायची, "मग आता कुणाला लिवायचं?"

तिसऱ्या वर्षी तिनं खंडेनवमीला जेवायला बोलावलं. त्या दिवशी हुपरीत घरोघर हत्यारं पुजतात. मी जाताना झेंडूचे हार घेऊन गेलो. ऐरणीला, हातोडीला, चिमट्यांना घालून एक हार उरला. भिंतीवर नवऱ्याचा फोटो होता.

"कारागिराला घाला की," मी म्हणालो. "हत्यारं त्यांची, मान त्यांचा."

ती क्षणभर थबकली. मग हसली, स्टुलावर चढली आणि हार घातला. आपल्याकडं फोटोला हार कुणाच्या घालतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला त्या वेळी सुचलं नाही.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. ती माझ्यासमोर बसून स्मरणपत्र लिहून घेत होती आणि नेमका तेव्हाच तिकडं हवालदार तिच्या दारात उभा होता. दिल्लीहून चौकशी आली होती, तीन वर्षांत पहिल्यांदा. घराला कुलूप. त्यानं खिडकीतून आत पाहिलं.

महिन्याभरानं 'अर्ज निकाली' असं पत्र आलं. कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनानं मला फाइल दाखवली. 'घरात सदर इसमाच्या फोटोस हार घातलेला आढळला. सबब सदर इसम मयत असल्याचे दिसून येते.'

मी भांडलो, तिच्या सहीनं प्रतिज्ञापत्र पाठवलं. उत्तर आलं, हयात असल्याचा पुरावा जोडावा.

"जित्ता हाय ह्याचा कागुद मी कुठनं आणू?" ती म्हणाली. "त्यो सापडला तरच गावंल न्हवं?"

मयत कुणी ठरवला, कशावरून, हे तिनं विचारलं. दिल्लीत घोळ झाला, असं मी सांगितलं. आयुष्यात बरंच खोटं टाइप केलं, पण ते लोकांचं होतं. हे माझं.

पुढच्या वर्षी तिचा निरोप आला. "दादा, औंदाबी एक हार जादा आणा. तुम्हीच म्हणालासा, मान त्यांचा."

मला नाही म्हणता आलं नाही. हार नेला. ती स्टुलावर चढली, मी खाली स्टूल धरून उभा राहिलो. खिडकी सताड उघडी होती. लावून घ्यावी असं वाटलं, पण आता चौकशीला कुणी येणार नव्हतं.