गोरेगावचे दोन सोडे

नव्वदच्या दशकात गोरेगाव या आमच्या खेड्यात गोटी सोड्याचे दोन कारखाने होते. कारखाने म्हणायचं आपलं. हाताने फिरवायचं एक मशीन आणि गॅसची टाकी, एवढाच पसारा. एक आमचा, दुसरा बाजाररस्त्यापलीकडच्या काकांचा. आमचा अद्रकाचा, त्यांचा लिंबाचा. वडिलांचं आणि त्या काकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. समोरासमोर आले की दोघांनाही एकदम आभाळात काहीतरी दिसायचं! पुढे दोन हजारनंतर प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि दोन्ही मशीनं भंगारात गेली.

भांडणाला मात्र रीत होती. आठवडी बाजारात बाटल्यांची सरमिसळ व्हायची. त्यांच्या हिरव्या बाटल्या आई धुऊन आमच्या ओट्यावर ठेवायची, आमच्या पांढऱ्या तशाच त्यांच्या ओट्यावर असायच्या; ज्याने त्याने आपापल्या न्यायच्या. दुसऱ्याच्या बाटलीत आपला सोडा भरायचा नाही. हे कुणी ठरवलं, देव जाणे. मोडलं कुणीच नाही.

मी दहावीला होते त्या उन्हाळ्यात भरताना बाटली फुटली. वडिलांच्या हाताला टाके पडले, मशीनचा दांडाही वाकला. दुसऱ्या दिवशी जवळच्या साखरा गावात लग्न होतं आणि सोड्याचा शब्द वडिलांनी दिला होता. "शब्द गेला की धंदा गेला," एवढंच ते म्हणत राहिले. मला रडू येत होतं.

संध्याकाळी ते काका चक्क आमच्या ओट्यावर!

"बाटल्या द्या तुमच्या."

वडील मान खाली घालून म्हणाले, "तुमचाच सोडा न्या साखऱ्याला."

काका भडकले. "शब्द तुमचा हाय. माझा सोडा काहून नेऊ?"

आणि आमच्या पांढऱ्या बाटल्या गाड्यावर रचून घेऊन गेले. मसाला विचारला नाही. वडिलांनी तो आजवर कुणालाच सांगितला नव्हता.

सकाळी भरलेल्या बाटल्या घेऊन आले, एकीची गोटी दाबून ती वडिलांपुढे धरली. "चाखा. बराबर हाय का?"

वडील प्यायले. मग मी प्यायले. अद्रक, काळं मीठ, किंचित जिरं. हुबेहूब आमचा! मी थक्क झाले, आजही होते.

"तुमाला सांगितलं कुणी?" वडिलांनी विचारलं.

"कोण सांगन?" काका ओशाळले. "माझा लिंबाचा मला सोसत न्हाई. जेवल्यावर तुमचाच लागतो."

वडील त्यांना घेऊनच साखऱ्याला गेले, मागोमाग मीही. मांडवात पहिली बाटली नवरीच्या बापाच्या हाती देत वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "प्या. ह्यांच्या हातचा हाय."